गॉल योद्ध्यांचं पथक रंगवताना: २८ मिमी फिगरचा माझा अनुभव

टेबलावरच्या युद्धखेळासाठी रोमन सैनिकांच्या छोट्या मूर्तींची, म्हणजे फिगरची, तुकडी रंगवायची तर एक क्रम ठरवायचा आणि तोच प्रत्येक फिगरवर गिरवायचा. गॉल, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या भागातले प्राचीन केल्टिक लोक; त्यांच्या टोळीला हा हिशेब लागू होत नाही. इथे प्रत्येकाचा अंगरखा निराळा, विजार निराळी, ढाल निराळी. तरीही मीटरभर लांबून ते एकच पथक दिसलं पाहिजे. मी साधारण २८ मिमी उंचीचे प्लास्टिक गॉल रंगवतो ते एकच सूत्र धरून: रंग मोजके घ्यायचे, पण त्यांची वाटणी मुद्दाम विस्कटलेली ठेवायची.

फिगर विकत घेण्याआधी काळ ठरवावा. इ.स.पू. २२५ मधली टेलामॉनची लढाई खेळायची असेल तर ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने वर्णन केलेले गेसाती योद्धे हवेत. ते उघड्या अंगाने लढत आणि गळ्यात हसळीसारखा सोन्याचा जाड टॉर्क घालत. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५२ मध्ये घातलेल्या अलेसियाच्या वेढ्यासाठी मी विजार-अंगरख्यातलेच योद्धे घेतो, पुढच्या रांगेत कडीचिलखत घातलेले मोजके सरदार ठेवतो. आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो. गॉलच्या अंगावर निळी नक्षी काढत नाही. अंग निळं रंगवण्याबद्दल सीझरने लिहिलं आहे ते ब्रिटनच्या लोकांविषयी.

फिगरचे सुटे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती फ्रेम आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट थर राहिला तर प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पोपडे धरतो. तुकडा कापताना कटर फिगरला चिकटवायचा नाही. मिलिमीटरभर अंतर सोडून कापायचं आणि उरलेलं पात्याने तासायचं. साच्याची रेघ पात्याच्या पाठीने खरवडून काढावी लागते. कपड्यावर ती घड्यांत लपते. उघड्या दंडावर किंवा मांडीवर मात्र वॉश (खाचांत साचून सावली देणारा पातळ गडद रंग) नेमका त्या रेघेला धरून बसतो आणि काळा ओरखडा उमटतो. गॉलमध्ये उघडी त्वचा भरपूर, म्हणून या कामाला मी रंगाइतकाच वेळ देतो.

प्लास्टिकला पातळ प्लास्टिक सिमेंट लावायचं. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. सुपरग्लू धातूच्या फिगरसाठी ठेवावा. ढाल आत्ता चिकटवायची नाही. ती लावली की छाती आणि डावा हात यांच्यापर्यंत ब्रश पोहोचत नाही. प्लास्टिकचे भाले खेळताना हमखास मोडतात, म्हणून मूठ ०.८ मिमीच्या ड्रिलने भोकसून त्यात तेवढ्याच जाडीची स्टीलची तार बसवतो. २८ मिमी फिगरच्या १:५६ या प्रमाणात अडीच मीटरचा भाला साधारण ४५ मिमी भरतो. तारेचं टोक पक्कडीने चेपून चपटं केलं आणि कानशीने घासलं की पातं तयार होतं.

फिगर आइस्क्रीमच्या काड्यांवर फेव्हिकॉलच्या थेंबाने उभ्या करतो, एका काडीवर चार किंवा पाच. मध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर शेजारच्याची पाठ रंगवता येत नाही. एका वेळी बारा फिगर पुरतात. त्याहून जास्त घेतल्या तर हात यंत्रासारखा चालू लागतो आणि सगळे चेहरे एकसारखे होतात.

प्राइमरसाठी मी हस्तिदंती किंवा फिकट बेज रंग घेतो. काळ्यावर पिवळा आणि कातडीचा रंग चढायला तीन-तीन हात लागतात. स्प्रे २० ते २५ सेंटिमीटरवरून, हलक्या दोन-तीन झुळुकांत मारायचा. आपल्याकडे इथे हवामान आडवं येतं. मे महिन्याच्या उन्हात थेंब हवेतच सुकतात आणि फिगरवर वाळू शिंपडल्यासारखा खरखरीत थर बसतो. जुलैत कोकणपट्टीत किंवा मुंबईत दमटपणामुळे थर चिकट राहतो, मॅट वार्निश तर पांढरं पडतं. पावसाळ्यात मी स्प्रे बंद ठेवून ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्राइमर वापरतो. दोन पातळ हात द्यायचे आणि पुरते २४ तास सुकू द्यायचे.

रंगाची थाळी ओली हवी: झाकणाचा चपटा डबा, तळाशी भिजवलेला स्पंज, वर बेकिंगचा बटर पेपर. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. साधारण दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी हे प्रमाण बहुतेक ठिकाणी जमतं.

त्वचेसाठी व्हॅलेहो कंपनीचा फ्लॅट फ्लेश हा कातडीचा रंग पाया. बारा जणांसाठी तीन मिश्रणं करतो: एक तसंच, एकात चिमूटभर तांबूस तपकिरी, एकात थोडा लाइट फ्लेश. प्रत्येक मिश्रण चार जणांना, पण सलग उभ्या असलेल्या चार जणांना नाही. सुकलं की सिटाडेल कंपनीचा राइकलँड फ्लेशशेड. हा वॉश पोटाच्या घडीत आणि कोपराच्या आत साचतो. मिनिटभराच्या आत ओलसर ब्रशने जास्तीचा टिपून घ्यायचा. पंखा चालू असेल तर कडा आधी सुकतात आणि गोल डाग राहतात, म्हणून वॉश लावताना पंखा बंद. मग पुन्हा पायाचाच रंग उंचवट्यांवर: नाक, गालाचं हाड, गळपट्टीचं हाड, बोटांचे सांधे, गुडघा. शेवटी लाइट फ्लेशचे अगदी मोजके ठिपके. डोळ्यांत बुबुळं काढायचा हट्ट मी धरत नाही. भुवईखालची सावली गडद राहिली की लांबून नजर आपोआप दिसते. चुकलेलं बुबुळ मात्र पूर्ण चेहरा बिघडवतं.

केसांबाबत प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरस सिक्युलसने नेमकं लिहून ठेवलं आहे. गॉल केस चुन्याच्या पाण्याने धुऊन कपाळापासून मागे ओढत, आणि ते घोड्याच्या आयाळीसारखे जाड होत. सरदार गाल तासून मिशा तोंड झाकेपर्यंत वाढवत. म्हणून चिलखतवाल्यांना मी भरघोस मिशा देतो आणि दाढी गुळगुळीत ठेवतो. चुना लावलेले केस रंगवताना मुळाशी यलो ओकर आणि तपकिरी, त्यावर सेपिया वॉश, मग फक्त टोकांना हस्तिदंती ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने हलकेच घासलेला रंग. पूर्ण केस पांढरे केले की योद्धा म्हातारा दिसतो. बारातल्या चार-पाच जणांनाच हा प्रकार द्यावा. बाकीचे तांबूस, भुरे, एखादा काळसर.

आता कपडे, आणि खरं काम इथेच आहे. मी सात रंगांवर थांबतो: न रंगवलेल्या लोकरीचा पांढुरका, राखाडी, तपकिरी, निळा, विटकरी लाल, पिवळा आणि हिरवा. हे सात मनाने घेतलेले नाहीत. युरोपातल्या वोड या झुडपातून मिळणारा निळा रासायनिकदृष्ट्या आपल्या निळीचाच. मॅडरचं मूळ आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलं, त्याचा लाल विटकरीकडे झुकतो. पिवळा वेल्ड या वनस्पतीचा. हिरवा पिवळ्यावर निळा चढवून. म्हणून बाटलीतला झगझगीत शेंदरी किंवा जांभळा या पथकात लगेच खटकतो. निळ्यात आणि लालमध्ये थोडा इराकी सँड हा वाळूसारखा रंग मिसळला की ताग्याला वनस्पतिरंगाचा बसकेपणा येतो.

वाटणी अशी करतो: एक रंग उचलला की तो तीन जणांच्या विजारीला, दोघांच्या अंगरख्याला, एकाच्या घोंगड्याला. मग दुसरा रंग. एका फिगरवर तीनपेक्षा जास्त रंग आणि शेजारी-शेजारी एकच रंग, दोन्ही टाळायचं. विटकरी लाल सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरतो, तो पथकभर विखरून टाकावा. एका कोपऱ्यात जमला तर तिथे वेगळी तुकडी उभी असल्यासारखं दिसतं.

पट्टे आणि चौकटींना आधार आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत टिकून राहिलेल्या कापडांवर त्या दिसतात, आणि डायोडोरसही घोंगड्यांवरच्या दाट, रंगीत चौकटींचं वर्णन करतो. तरी प्रत्येक फिगरवर एकाच कपड्याला नक्षी द्यावी. विजारीवर आधी उभ्या रेघा, बाहेरच्या बाजूने कमरेपासून घोट्यापर्यंत, घड्यांचं वळण धरून. मग आडव्या. त्या सरळ ओढल्या तर पाय सपाट दिसतो. पायाच्या गोलाईबरोबर किंचित वाकवायच्या. दोन रेघांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर पुरतं, त्याहून दाट केल्या तर टेबलावर नुसता गढूळपणा दिसतो. रेघा जिथे छेदतात तिथे त्याच रंगाचा उजळ ठिपका दिला की विणीचा भास होतो. ब्रश शून्य-शून्य नंबरचा घेऊ नये, त्यावरचा रंग टेकण्याआधीच सुकतो. चांगल्या टोकाचा एक नंबर रंग धरून ठेवतो आणि रेघ अखंड येते. रेघा आधी, तपकिरी वॉश नंतर, कारण वॉशमुळे रेघ कापडात मुरते. फक्त वॉश सगळं एक पायरी काळवंडवतो, म्हणून रेघ हव्या त्यापेक्षा उजळ काढायची.

धातूला वेगळा ब्रश आणि वेगळं पाणी. धातूरंगातली चमक पाण्यात उतरली की पुढच्या चेहऱ्यावर चांदी चमकते. लोखंडाला गडद चांदी आणि काळा वॉश, शिरस्त्राणाला बऱ्याचदा ब्राँझ, टॉर्कला सोनेरी.

ढाली काडीवर डकवून स्वतंत्र रंगवतो. डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावायचं असेल तर ढाल आधी पांढरी, गडद पृष्ठभागावर डिकॅल मळकट उमटतं. मधल्या लांबट उंचवट्यासाठी भोक आधी कापून घ्यावं, नाहीतर कागद तिथेच सुरकुततो आणि फाटतो. कडेला राहिलेली पांढरी फट डिकॅलच्या रंगाशी जुळवून भरायची. हाताने काढायचं तर ला टेन या केल्टिक कलाशैलीतला इंग्रजी एससारखा वेलवळसा किंवा तीन पाकळ्यांचं भोवरं, आधी पेन्सिलने. चूक झाली तर ती मागच्या रंगाने खोडायची. बारापैकी तीन-चार ढाली नक्षीविना एकरंगी ठेवल्या तर बाकीच्या उठून दिसतात. मागची बाजू फळीच्या तपकिरी रंगाची. ढाल चिकटवताना सांध्यावरचा रंग खरवडावा, नाहीतर गोंद रंगालाच धरतो आणि ढाल सालीसकट निघते.

बेसवर फेव्हिकॉल आणि चाळलेली वाळू. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू असेल तर दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवावी. मीठ राहिलं तर महिन्याभरात पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. वाळूला मी गडद तपकिरी, त्यावर बेज ड्रायब्रश देतो. कोकणातल्या जांभ्यासारखी लाल जमीन सुरेख दिसते, पण गॉलच्या लढाईला ती परकी वाटते. गवताचे तुरे एका बेसवर एक किंवा दोन.

वार्निश दोन थरांत: आधी चमकदार, बोटं लागून रंग झिजू नये म्हणून, आणि तो पूर्ण सुकल्यावर मॅट. मॅट पांढरं पडलंच तर घाबरू नये. कोरड्या दिवशी पुन्हा चमकदार थर दिला की बहुतेक वेळा आतला रंग परत दिसू लागतो, त्यावर नव्याने मॅट द्यायचं.

धावत्या पवित्र्यातल्या फिगर २० मिमीच्या चौकोनी बेसवर सहज रांगेत बसत नाहीत. एकाची तलवार दुसऱ्याच्या शिरस्त्राणाला अडते. म्हणून बेसला गोंद लावण्याआधी बाराही जण ट्रेवर उभे करून कोणाच्या शेजारी कोण बसतो ते पाहतो आणि जुळलेल्या जागेचा क्रमांक बेसच्या खाली लिहितो. तिथेच चुंबकी पत्र्याचा तुकडा लावतो. लोखंडी डब्यात फिगर त्याच क्रमाने उभ्या राहतात, बसच्या धक्क्यात पडत नाहीत, आणि खेळाच्या दिवशी पथक दोन मिनिटांत मांडून होतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या महिन्याला बदलाव्यात.