आमची वाटचाल: घरामागची शेड

जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून पुन्हा चालत्या करायचं काम आम्ही घरामागच्या शेडमध्ये सुरू केलं आणि आजही तिथेच करतो. पहिला भागीदार माझा मावसभाऊ, लेथवर हात बसलेला माणूस. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा, सरळ करायचा व्ही-ब्लॉकचा (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांचा) स्टँड त्याने स्वतः बनवला. दोन्ही टोकांना डायल (वाकडेपणा काट्यावर दाखवणारी मापं) लावायचे, क्रँक सावकाश फिरवायचा, काटा कुठे चढतो ते बघून तांब्याच्या हातोडीचा ठोका द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय तो डायल उतरवत नसे. तो पुढे नोकरीत गेला, स्टँड मात्र आमच्याच बाकावर आहे.

मधली वर्षं बरी गेली. मग सीलचं प्रकरण झालं.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हाच हवा-पेट्रोलचा पंप असतो, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांचे रबरी सील ती हवाबंद ठेवतात. मॅग्नेटोकडचा (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचा) सील गेला की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतो; यालाच सीझ होणं म्हणतात. क्लचकडचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर निघतो. एका पुरवठादाराने नव्या पाकिटात घालून कडक पडलेल्या रबराचे सील आम्हाला दिले. गाड्या लागोपाठ सीझ होऊन परत आल्या. पुरवठादाराने हात वर केले. बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, सगळा खर्च आम्ही सोसला आणि शेड विकायची वेळ आली.

त्याच काळात आमच्याच धंद्यातल्या एकाने आमच्या गिऱ्हाइकांना गाठून ‘त्यांची इंजिनं टिकत नाहीत’ असं सांगायला सुरुवात केली. त्याच्याकडे इंजिन कधी खोललंच जात नसे. पुटी, रंग, बफिंग, की गाडी तयार. फोटोत ती आमच्या गाडीपेक्षा उजळ दिसायची, हे मला आजही सलतं.

आमचे एक गिऱ्हाईक, मास्तर, तेवढे आमच्याकडे थांबले. त्यांची जावा २५०, किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असलेली, ६५ बाय ७५ चं (बोअर आणि स्ट्रोक, मिलिमीटरमध्ये) इंजिन, तीही सीझ होऊन आली होती. ते म्हणाले, "घाई नाही, पण कारण सापडल्याशिवाय गाडी देऊ नका." त्यांच्याच इंजिनावर आम्ही प्रेशर टेस्टची पद्धत बसवली: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायचे, प्लगच्या भोकातून साधारण ६ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरायची, दाबाच्या मीटरचा काटा काही मिनिटं हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. तेव्हापासून या टेस्टशिवाय एकही टू-स्ट्रोक इंजिन शेडबाहेर गेलेलं नाही.

घरी करणाऱ्यांनी एवढं ऐकावं. जाम बोल्टला आधी ऑइल, मग उष्णता, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा). पाना घेऊन जोर करू नका. टाकीचा गंज विजेवर काढत असाल तर स्टेनलेसचा अ‍ॅनोड (पॉझिटिव्ह तारेला जोडलेला तुकडा) मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड वापरा, आणि मोकळ्या हवेत, कारण हायड्रोजन निघतो. इंजिनच्या केसिंगवर वाळूचा मारा करू नका. ऑइलच्या वाटेत अडकलेला कण बेअरिंग खातो.

आमची बदनामी करणाऱ्या त्या गृहस्थांनी रंगवलेल्या गाड्या आता आमच्याकडे येतात. चॅसी नंबरावरही पुटी असते. ती खरवडून नंबर वाचता येईपर्यंत आम्ही पुढचं काम हातात घेत नाही, आणि त्या खरवडण्याची मजुरी बिलात वेगळी लावतो.