रवा कोण भाजणार

‘घरच्यांनी स्वीकारलं का हो तुम्हाला?’ हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला होता. तेव्हा उत्तर देता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता देतो.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दोन खोल्या, सहा माणसं आणि गॅलरी सगळ्या मजल्याची. मुलगे आवडतात हे आठवीत कळलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही; तुम्हालाही तुमचं साधारण तेव्हाच कळलं असेल. अडचण शब्दाची होती. चाळीत त्यासाठी जे शब्द होते त्या सगळ्या शिव्या. ‘समलिंगी’ पेपरात दिसायचा, पण तो काही तोंडात बसणारा शब्द नव्हे, सरकारी पत्रातल्या ‘उपरोक्त’सारखा.

हमसफर ट्रस्ट, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी काम करणारी मुंबईतली संस्था, १९९४मध्ये सुरू झाला. मी वाकोल्याला त्यांच्याकडे पोचलो नोकरी लागल्यावर, तेही महापालिकेच्या त्या जुन्या इमारतीचा जिना दोनदा चढून-उतरून. आत सगळे हिंदी-इंग्रजीत बोलत होते. मी निघणारच होतो. तेवढ्यात कोपऱ्यातला एकजण फोनवर हळूच म्हणाला, ‘क्लासला आहे गं आई. भाकरी झाकून ठेव.’ मी खुर्ची ओढून बसलो. (हा ‘तो’ नव्हे. तो पुढे भेटला, पण ते तुम्ही विचारलेलं नाही.)

२ जुलै २००९ला दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला : सज्ञान माणसांनी खाजगीत, राजीखुशीने ठेवलेले संबंध कलम ३७७खाली गुन्हा नाहीत. त्याच आठवड्यात मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. बाहेर बोलू नकोस,’ आणि कुकर लावायला उठली. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपराचं पान काही उलटलं नाही. पुढे चार वर्षं ह्यावर घरात अक्षर नाही. फक्त माझ्यासाठी स्थळं येणं आपोआप थांबलं.

बाबा गिरणी कामगार, ८२च्या संपातले, युनियनवाले. कोर्ट, तारखा, स्टे ही त्यांची रोजची भाषा होती. ११ डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. रात्री मी गॅलरीत उभा होतो. ते बाजूला येऊन उभे राहिले, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘मग आता तुमचे लोक अपील करतील ना?’

‘तुमचे लोक.’ मी त्यावर किती रात्री काढल्या असतील! तुम्ही म्हणाल, परकं केलं. मला तसं वाटत नाही. ज्याची केस असते त्याच्याशीच बाबा अपिलाचं बोलायचे.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानेच तो गुन्हा पुसला. ते अपील नव्हतं, नव्या याचिका होत्या. पण बाबांच्या हिशेबात अपीलच. ते आदल्या वर्षी गेले होते.

१७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाचा निकाल आला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क कोर्टाने दिला नाही. आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, ‘म्हणजे पूजेला नाहीच ना बसता येणार?’ मी म्हटलं, ‘आई, पूजेला बसायला कोर्टाची परवानगी लागत नाही.’ ती काही बोलली नाही. आमच्याकडे सत्यनारायणाला दरवर्षी धाकटा भाऊ आणि वहिनी बसतात. शेजारच्या काकू तर प्रत्येक वेळी ‘मोठा बसत नाही?’ म्हणून विचारतातच.

ह्या वर्षीही तेच दोघं बसले. मला राग आला, येतोच.

पण सकाळी मी कढई चढवली होती, सव्वा किलो रवा, सव्वा किलो तूप. आई आत आली, कढईत डोकावली, माझ्या हातातला उलथना काढून घेतला आणि बाहेर चौरंगाला केळीचे खांब बांधत असलेल्या त्याला हाक मारली. इतकी वर्षं ‘तुझा तो’ म्हणणाऱ्या बाईने नावाने हाक मारली.

‘हा रवा तू भाज बाबा. हा जाळून ठेवेल.’