फळ्याच्या कोपऱ्यातलं ‘गेट’

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि सोबत मुद्देही आले: शिस्त, संस्कार, मैदान, स्नेहसंमेलन. समितीत आमच्याच बॅचची मंडळी आहेत म्हणून मोकळेपणाने सांगतो, यातल्या एकाही मुद्द्यावर मी लिहिणार नाही. मैदानावर मी कायम राखीव आणि संमेलनात पडदा ओढायला. मी लिहिणार आहे फक्त इंग्रजीच्या सरांवर. नाव घालत नाही. सायकलच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने कोश बांधून आणणारे सर म्हटलं की कोण ते आपल्या सगळ्यांना कळतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी ही २००० सालानंतरची गोष्ट. त्यामुळे आठवीत सर आम्हाला मिळाले तेव्हा एबीसीडी येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन आखून आत ‘गेट’ लिहिलं. शाळेचं गेट नव्हे, क्रियापद. खाली मराठीत ‘पुसू नये’. ते वर्षभर पुसलं गेलं नाही. गणिताच्या बाई प्रमेयाच्या आकृत्या त्या चौकोनाला वळसा घालून काढायच्या आणि आमच्याकडे रागाने बघायच्या, जणू तो आम्हीच आखलाय.

सरांचा नियम एकच. ‘गेट’चा अर्थ काय, असं विचारायचं नाही, त्याच्या पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे नाम आलं तर मिळणं किंवा आणणं: आय गॉट अ लेटर. विशेषण आलं तर होणं: इट इज गेटिंग डार्क. ठिकाण आलं तर पोचणं: वी गॉट टू लोणावळा. पण घरी पोचताना मधला ‘टू’ गळतो, गेट होम. हिअर आणि देअरच्या आधीही गळतो. ‘ही इज मॅरीड’ ही अवस्था आणि ‘ही गॉट मॅरीड’ ही घटना. लग्न कुणाशी झालं हे सांगताना ‘विथ’ नाही, ‘टू’. यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली, तर सर म्हणाले, “हसा. पत्रिका छापायची वेळ आली की याल विचारायला.” आमच्यातले दोघे खरंच गेले होते.

एका शब्दाला इतके अर्थ, म्हणजे इंग्रजांची भाषा किती दरिद्री, असं कुणीतरी म्हणालं. सरांना हेच हवं होतं. म्हणाले, आपलं ‘लागणं’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, आंबा गोड लागतो, प्रवासाला पैसे लागतात. गाडी फलाटाला लागते आणि घाटात गाडी लागते तेव्हा लिंबू लागतं. शिवाय तो तुमचा कोण लागतो? “हे एखाद्या साहेबाला शिकवून दाखवा, मग ‘गेट’ला नावं ठेवा.” त्या दिवशी तास संपला तरी पोरं ‘लागणं’ शोधत होती. मधल्या सुट्टीत डबे खाताना यादी वाढतच गेली, त्यातले काही अर्थ इथे छापण्यासारखे नाहीत.

आता तो केसांचा प्रसंग. एरवी कुणी लक्षात ठेवणार नाही इतका किरकोळ आहे, पण मला शाळा म्हटलं की तोच आठवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा सोमवार, सगळ्यांची डोकी नुकतीच भादरलेली. सरांनी एकेकाला उठवून विचारलं, काल काय केलंस? पहिल्याने सांगितलं, “आय कट माय हेअर.” दुसऱ्याने तेच. तिसऱ्यानेही. आपण मराठीत ‘केस कापले’ म्हणतो आणि कापणारा कोण ते कुणी विचारत नाही. सर प्रत्येकाला गंभीरपणे म्हणत होते, “स्वतः? आरशात बघून? मागचेसुद्धा?” मग त्यांनी चौकोनाकडे बोट केलं. आय गॉट माय हेअर कट. मी कापले नाहीत, कापून घेतले. गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम दुसऱ्याने केलं, करवून घेणारा मी. माणसाकडून करवून घेतलं असं सांगायचं असेल तर मध्ये माणूस आणि पुढे ‘टू’: आय गॉट हिम टू कट इट.

सगळा वर्ग एका सुरात ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणाला. फक्त खिडकीजवळचा आमचा एक मित्र गप्प राहिला. त्याच्या वडिलांचं पुण्यात शनिवार पेठेत केशकर्तनालय होतं. सरांनी विचारलं, तर तो म्हणाला, “सर, माझे वडिलांनीच कापले. माय फादर कट माय हेअर.” सर दोन क्षण थांबले आणि म्हणाले, “अगदी बरोबर. या वर्गात तुला एकट्याला ‘गेट’ लागत नाही.” मग त्यांनी त्याला फळ्यापाशी बोलावून दोन्ही वाक्यं त्याच्याकडूनच लिहून घेतली आणि ‘कट’चं भूतकाळी रूप बदलत नाही हेही त्याच्याच वाक्यावर शिकवलं. तोपर्यंत त्याला वडिलांच्या धंद्यावरून चिडवायची पद्धत होती. सर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पण नंतर ते चिडवणं कमी झालं खरं.

दुसरा गाजलेला वाद रिक्षाचा. पीएमटीची बस, रेल्वे, विमान यांत ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’. मोटारीत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. सरांची खूण अशी, की ज्यात ताठ उभं राहून चालता येतं तिथे ऑन, ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे इन. सायकलवर मांड टाकतो म्हणून तीही ऑन. मग रिक्षा? वाकून शिरायचं, म्हणून इन. पण रिक्षाला दारच नाही, तेव्हा हे ‘इन’ कसलं, यावर अर्धा तास गेला. तासाच्या शेवटी सर म्हणाले, इन बरोबर, पण आधी रिक्षावाला ‘येतो’ म्हणाला पाहिजे.

हे क्रियापद इंग्रजांच्या घरचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ते उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांबरोबर आलं. इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या भाषेत ते सुटं नव्हतं, फरगेटसारख्या जोडशब्दांतच होतं. “म्हणजे विसरणं घरचं आणि मिळवणं बाहेरचं,” इति सर. अमेरिकेत ‘गॉटन’ टिकलं, इंग्लंडने ते टाकून दिलं, पण ‘फरगॉटन’मधून त्यांना ते काढता आलं नाही.

पुढे कळलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती आणि २०११ च्या सुमारास ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं. आमच्या सरांनी चौकोनात ‘रन’ का नाही लिहिलं? माझा अंदाज असा की ‘रन’वाचून पुणेकराचं भागतं, ‘गेट’वाचून भागत नाही. हल्लीच्या सेमी इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान-गणित इंग्रजीतून चालतं, उत्तम आहे. पण नातीला विचारलं, ‘गॉट रिपेअर्ड’ म्हणजे काय, तर तिने ‘दुरुस्त’ एवढंच सांगितलं. कुणी केलं? ते तिच्या फोनने सांगितलं नव्हतं. आणि नव्या पाटीवर म्हणे बटण दाबलं की सगळं एकदम पुसलं जातं.

माझा भोसरीत सुट्या भागांचा लहान कारखाना आहे, माल इंग्लंडला जातो. मागच्या वर्षी आमच्या नव्या इंजिनिअरने एका गिऱ्हाइकाला पत्राचा मसुदा केला: वी विल टेस्ट द पार्ट्स. आमच्याकडे कडकपणा तपासायचं यंत्र आहे, पण गिऱ्हाइकाला हवी असलेली चाचणी आम्ही बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घेतो. मी वाक्य बदललं: वी विल गेट द पार्ट्स टेस्टेड. पोरगा म्हणाला, “काका, एकच आहे ना?” मी त्याला केस कापल्याची गोष्ट सांगितली. त्याला ती फारशी रुचली नाही. पण गिऱ्हाइकाचं उलट पत्र आलं, कोणत्या प्रयोगशाळेत ते कळवा, आणि दरात तो खर्च वेगळा धरून मिळाला. पहिल्या मसुद्यावर सही झाली असती तर तो आमच्याच अंगावर बसला असता. ती फाइल ऑफिसात आहे. बॅचमधल्या कुणाला बघायची असेल तर त्याने जरूर यावं. दुपारी एक ते चार सोडून. चहा मिळेल.