धडधड तीच, लक्ष वेगळे

गेली अकरा वर्षे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी दुहेरी बॅडमिंटन खेळते आणि त्यांतील बरीच वर्षे माझी अशी पक्की समजूत होती की तणाव आणि तल्लीनता ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एक वर जायचे तर दुसरे खाली यायलाच हवे. त्यामुळे सामन्याआधी छातीत धडधडू लागले की मी ती धडधड थांबवण्याच्या मागे लागत असे, आणि ती थांबली नाही की आज आपला खेळ होणार नाही असे मनोमन ठरवून टाकत असे. ही समजूत चुकीची होती हे मला एका साध्या सर्व्हिसने शिकवले. पुढे तोच धडा कार्यालयात आणि आईच्या पलंगाशेजारी पुन्हा गिरवावा लागला.

दुहेरीतील बॅकहँडची आखूड सर्व्हिस ही या खेळातील बहुधा सर्वांत लहान हालचाल असेल. शटलचे पीस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायचे, बूच रॅकेटच्या दिशेने ठेवायचे आणि रॅकेट अंगठ्याने हलकेच पुढे ढकलायची. शटलचे वजन जेमतेम 5 ग्रॅम. आंतरराष्ट्रीय सामन्यांत 2018 मध्ये आलेल्या नियमानुसार फटका बसतो त्या क्षणी ते जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावे लागते आणि जाळ्याची मधोमध उंची असते 1.524 मीटर. म्हणजे शटलने खालून वर चढायचे, जाळ्याच्या पांढऱ्या पट्टीला जवळजवळ घासून पलीकडे जायचे आणि लगेच उतरू लागायचे. चार बोटे उंच गेले तर समोरची खेळाडू ते जागच्या जागी दाबून टाकते. ही सर्व्हिस मी हजारो वेळा घोटली आहे. हात बसणे म्हणतात तसा माझा हात तिच्यावर बसलेला आहे.

चार वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तिसऱ्या गेममध्ये आम्ही 14–10 अशा पुढे होतो. माझी एक सर्व्हिस जाळ्यात गेली. असे होते, त्यात विशेष काही नव्हते. पण पुढच्या सर्व्हिसला उभी राहिले तेव्हा माझे सगळे लक्ष स्वतःच्या हातावर गेले. अंगठा किती दाबतो आहे, कोपर खाली आले आहे का, मनगट वळते आहे का, मागच्या वेळी नेमके काय चुकले असेल, असे एकेक तपासत मी शटल सोडले आणि ते पुन्हा जाळ्यात गेले. गेम संपेपर्यंत आणखी एकदा तसेच झाले आणि आम्ही 21–19 ने हरलो. बाहेर आल्यावर आमचे प्रशिक्षक फार बोलले नाहीत. ते म्हणाले, ‘हाताचं काम हाताला करू दे. तू पट्टी बघ, आणि शटल तिच्यावरून कुठून जायला हवं तेवढं ठरव.’

तेव्हा मला ते समजूत घालण्यापुरते बोललेले वाटले. नंतर वाचायला लागले तेव्हा कळले की त्यांच्या त्या दोन वाक्यांना चांगला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ सीअन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुरलेल्या गोल्फपटूंना स्वतःच्या फटक्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितले, तेव्हा त्यांचे चेंडू लक्ष्यापासून अधिक दूर राहिले. उलट कानावर पडणाऱ्या आवाजांमधला विशिष्ट आवाज टिपण्यासारखे दुसरेच काम दिले, तेव्हा त्यांचा खेळ अधिक नेमका झाला. नवशिक्यांचे मात्र असे होत नाही, त्यांना हालचालीकडे लक्ष दिल्याचा फायदाच होतो. कारण उघड आहे. जी कृती अंगवळणी पडली आहे तिचे तुकडे करून एकेक तुकडा जाणीवपूर्वक चालवायला गेलो की तिचा ओघ तुटतो, आणि जी अजून अंगवळणी पडलेली नाही ती तुकड्यातुकड्यांनीच शिकावी लागते. गाब्रिएले वुल्फ यांच्या 1998 च्या एका प्रयोगात हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने आला आहे. स्कीईंगच्या सराव-यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांपैकी ज्यांना आपल्या पायांवर लक्ष द्यायला सांगितले होते त्यांच्यापेक्षा पायांखालच्या चाकांवर लक्ष द्यायला सांगितलेली माणसे ते कौशल्य अधिक चांगले शिकली. पाय आणि चाक यांत अंतर काही बोटांचेच. पण एक आपल्या शरीराचा भाग आहे आणि दुसरे बाहेरच्या कामाचा, आणि तेवढ्याने फरक पडतो.

त्या सामन्यात माझी धडधड पहिल्या सर्व्हिसपासूनच होती आणि 14–10 पर्यंत तिने काहीही बिघडवले नव्हते. लक्ष पट्टीवरून उचलून मी स्वतःवर आणले, तिथे बिघडले. याला मी आता फार महत्त्व देते.

तल्लीनतेच्या या अवस्थेला ‘फ्लो’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले ते मिहाय चिक्सेंटमिहाय (1934–2021) यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा माणसांशी बोलून 1975 मध्ये आपले पहिले मोठे विवेचन मांडले. पाण्याच्या ओघाबरोबर वाहत गेल्यासारखे वाटते, ही उपमा त्या माणसांनीच दिली होती. ही माणसे कोण आहेत ते पाहण्यासारखे आहे. कड्याला बोटांनी लटकलेला गिर्यारोहक किंवा समोर उघडलेले शरीर असलेला शल्यविशारद यांच्याइतका ताण कोणावर असेल? तरी तहानभूक हरपण्याचा अनुभव त्यांनाच येतो. काम अवघड हवे, पण आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचे, हात लांबवला तर पोहोचेल इतके. पुढे काय करायचे ते स्पष्ट हवे. आणि केलेले बरोबर झाले की चुकले ते लगेच कळायला हवे, अशा त्याच्या अटी आहेत. आव्हान कौशल्याच्या फार पुढे गेले की काळजी सुरू होते आणि फार मागे राहिले की कंटाळा येतो. तेव्हा तणाव आणि तल्लीनता एकाच दारातून आत येतात, असे म्हणायला हरकत नाही.

दार एकच असेल तर पुढे वाटा फुटतात कुठे? मला यात रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांची 1984 मधली मांडणी सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या मते प्रसंग समोर आला की मन दोन गोष्टी पडताळून पाहते : यात माझे काय पणाला लागले आहे, आणि याबाबत मला काय करता येण्यासारखे आहे. पहिल्याचे उत्तर मोठे आणि दुसऱ्याचे ‘काहीच नाही’ असे आले की जीव टांगणीला लागतो. पहिल्याचे उत्तर तेवढेच मोठे राहून दुसऱ्याला काहीतरी हाताशी येण्याजोगे मिळाले, मग ते जाळ्याच्या पट्टीवरचे एक ठिकाण का असेना, तर तीच धडधड कामाला येते. 2014 मध्ये ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी दाखवले की गाणे म्हणण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस झाली. शरीर आधीच उसळलेले असते. त्याला एकदम शांत व्हायला सांगणे म्हणजे उतारावर धावत असताना जागेवर थांबायला सांगणे होय.

इथे एका आलेखाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण तणावावरच्या प्रत्येक व्याख्यानात तो दाखवतात. ताण वाढतो तशी कामगिरी वाढते आणि एका टोकानंतर घसरते, असा तो उलट्या वाटीसारखा आलेख यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 च्या प्रयोगाच्या नावावर चालतो. तो प्रयोग उंदरांवरचा होता. उजळ आणि काळोख्या खोक्यांतला फरक शिकण्यासाठी त्यांना विजेचे सौम्य-तीव्र झटके दिले गेले होते. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा झटका जितका तीव्र तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड झाले तेव्हाच मध्यम झटका सरस ठरला. कामाच्या अवघडपणाचा हा भाग सहसा गाळला जातो, आणि खरे तर माणसाला उपयोगी पडेल असे त्यात तेवढेच आहे : काम जितके नाजूक, तितका कमी ताण त्याला सोसतो.

म्हणून श्वासाला मी त्याच्या जागी ठेवते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात, त्यामुळे उच्छ्वास लांबवला की शरीर थोडे सैलावते. दोन गुणांच्या मध्ये शटल उचलायला वाकताना मी एक लांब श्वास सोडते. धडधड त्याने जात नाही, आणि आता ती जावी अशी माझी अपेक्षाही नसते. पट्टीकडे नजर नेण्यापुरती उसंत मिळते, तेवढी पुरते.

माझे काम हिशेबतपासणीचे आहे. बाहेरच्या माणसाला ते रुक्ष वाटते, पण तंद्री लागण्यासाठी याहून सोयीचे काम क्वचितच असेल, कारण ताळा जुळतो किंवा जुळत नाही, मधले काही नसते. मागच्या वर्षअखेरीस एका खात्यात 270 चा फरक येत होता. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी दोन शेजारचे अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी असते, हे या व्यवसायातले जुने शहाणपण आहे. 270 ला भाग जातो आणि उत्तर 30 येते, म्हणजे शतक आणि दशकस्थानचे अंक, आणि त्या दोन अंकांतला फरक 3. मी बोट ठेवून नोंदी उतरत गेले. सव्वा तासाने 5,472 च्या जागी 5,742 लिहिलेले सापडले तेव्हा बाहेर अंधार पडला आहे हे मला दिसले. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि त्या सव्वा तासात ती एकदाही आठवली नव्हती.

असा सव्वा तास मिळणे मात्र अवघड झाले आहे. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तरी मनाचा एक तुकडा आधीच्या कामापाशीच अडकून राहतो आणि नव्या कामाला आपण उणेच मिळतो. पुढे 2018 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह केलेल्या अभ्यासात यावर एक साधा तोडगाही आढळला, आणि तो मी रोज वापरते. कोणी हाक मारली की उठण्यापूर्वी मी कागदावर एक ओळ लिहिते : कुठपर्यंत आले आहे आणि परतल्यावर पहिली नोंद कोणती पाहायची. अर्ध्या मिनिटाचे हे काम केले नाही तर त्या बैठकीत मी निम्मीच असते.

तरीही हे सगळे एका मर्यादेतच चालते, आणि ती मर्यादा न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वीच्या एका नोकरीत आठ महिने माझ्यावर दोघींचे काम होते आणि मुदती परस्पर ठरून येत. श्वास, कागदावरची ओळ, सगळे करूनही रात्री तीनला जाग येई. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये नोकरीतील ताणाबद्दल मांडले होते की कामाची मागणी जास्त आणि आपल्या कामावरचा आपला अधिकार कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक पोखरते. माझे तेच होत होते. उपाय माझ्या मनात नव्हता, तो कामाच्या रचनेत होता. मुदती ठरतात त्या बैठकीत मला बसू द्या, अशी मागणी मी उशिरा केली आणि ती मान्य होईना तेव्हा नोकरी सोडली. माणसाला तल्लीन व्हायला शिकवून त्याच्यावर दुप्पट ओझे टाकता येईल असे कोणाला वाटत असेल तर त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

रोजच्या जगण्यात तर तल्लीनतेच्या अटी बहुतेक वेळा जुळतच नाहीत. चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्हर यांनी 1989 च्या अभ्यासात नोकरदार माणसांच्या जवळ पेजर दिले होते. दिवसभरात तो अधूनमधून वाजे आणि त्या क्षणी काय चालले आहे, कसे वाटते आहे, ते लिहायचे असे. तल्लीनतेचे क्षण बहुतांशी कामात सापडले, मोकळ्या वेळेत फार थोडे, आणि तरीही कामात असताना माणसांची इच्छा दुसरेच काही करण्याची असे. मला याचे आश्चर्य वाटत नाही. मोकळ्या वेळेला पट्टी नसते आणि ताळाही नसतो.

यंदा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पहिले सहा आठवडे रोज संध्याकाळी तिचे व्यायाम करून घेणे माझ्याकडे आले. पाठीवर झोपून टाच गादीवरून घासत स्वतःकडे ओढायची, पाच आकडे थांबायचे, परत सोडायची. असे दहा वेळा. गुडघा किती अंशांत वाकतो हे आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट मोजत, त्यामुळे मधले सहा दिवस काही सुधारणा होते आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी मी दिवसभराच्या कामाचा विचार करत मोजत होते तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, सात दोनदा म्हणालीस तू.’ तिने ते वेदनेत, ओठ आवळून म्हटले, आणि एक जादा वेळ तिने पाय ओढला होता.

दुसऱ्या दिवशी मी चादरीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ काढली, टाच पोहोचली होती तिथे. रोज नवी रेघ. पहिल्या आठवड्यात रेघांमध्ये बोटभर अंतर पडत गेले, नंतर ते नखाएवढे झाले, दोन दिवस रेघ मागेही आली. दुखणे कमी झाले नाही आणि माझी काळजीही गेली नाही, पण आम्हा दोघींना पाहायला काहीतरी मिळाले. आता आकडे आईच मोजते, जरा मोठ्याने. मी टाचेकडे पाहते आणि ती रेघेपाशी आली की हात लावून दाखवते.