दाब नॉर्मल, तरी काचबिंदू

बाई आल्या होत्या फक्त चष्म्याचा नंबर काढायला. वय पन्नाशीचं, तक्रार काही नाही. डोळ्यांचा दाब दोन्हीकडे १५. इथे नंबर लिहून दिला की काम संपतं, आणि कितीतरी काचबिंदू इथेच निसटतात. बाहुल्या मोठ्या करून पाहिलं, तर डाव्या डोळ्यात, दृश्य मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या खालच्या काठावर रक्ताची बारीक रेघ होती आणि तिथली कड झिजलेली. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, भरला ४९० मायक्रॉन, म्हणजे सरासरीपेक्षा बराच पातळ. अशा डोळ्यात यंत्र दाब थोडा कमीच दाखवतं.

नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावर नजरेच्या मध्याला लागून, वरच्या बाजूला काळा पट्टा उमटला.

"पण मला कुठेच काळं दिसत नाही!" बाई म्हणाल्या. दिसणारच नाही. ती जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो, उरलेलं दुसरा डोळा सांभाळून घेतो.

मग त्यांनी नेमकं विचारलं, "दाब नॉर्मल म्हणता, मग तो उतरवायचा कशाला?"

नॉर्मल दाबाची वरची मर्यादा म्हणून धरतात तो २१ हा आकडा लोकसंख्येच्या सरासरीवरून आलाय. एखाद्या नसेला १५ सुद्धा सोसत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशाच रुग्णांचा दाब ३० टक्क्यांनी उतरवला, तेव्हा त्यांच्यातल्या १२ टक्क्यांचा आजार वाढला. उपचार न केलेल्यांत ३५ टक्क्यांचा. म्हणजे उपचाराविना राहिलेल्यांतही बहुतेकांचं त्या काळात बिघडलं नाही, आणि हे मी रुग्णापासून लपवत नाही. पण नसेवर रक्त दिसलं की वाट बघणं मला पटत नाही.

एकेकाळी दाब उतरवायला दिवसातून चार वेळा पिलोकार्पिनचे थेंब घालावे लागत, वर कपाळदुखी. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं आणि रात्रीच्या एका थेंबावर भागू लागलं. २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत तर आधी दाब उतरवणारं लेसर केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनीही थेंब लागत नव्हते. बाईंनी लेसर निवडलं.

सोबतच्या मुलीने विचारलं, गेलेली नजर परत येईल का? नाही. नसेतले मेलेले तंतू जिवंत करणारं काही आज आमच्याकडे नाही. उरलेल्या तंतूंना बळ मिळावं म्हणून निकोटिनामाइडच्या, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या, मोठ्या डोसवर चाचण्या चालू आहेत. तिने लगेच मोबाईल काढला, तेव्हा बजावलं: गोळ्या मनाने सुरू करायच्या नाहीत, त्या डोसला यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. त्यापेक्षा मामा-मावशींचे डोळे तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.

"मामा चष्माच लावत नाही," ती म्हणाली. म्हटलं, मग त्यांना आधी आणा.