ठसा वाचणारी माणसे: शिरोलीतील आमच्या प्रशिक्षण लॅबची वाटचाल

कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाविषयी लिहिताना शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांची नावे येतात, कारखानदारांची नावे येतात, भट्ट्यांची क्षमता येते. परंतु तेथे ओतलेल्या कास्टिंगची हार्डनेस, म्हणजे कठिणता, कोण घेतो, चिल सॅम्पल (रासायनिक तपासणीसाठी झटकन थंड केलेला नमुना) कोण घासतो आणि टेस्ट बार यूटीएममध्ये, म्हणजे ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्रात, कोण लावतो, याचा उल्लेख सहसा कोठेही नसतो. ती माणसे घडविण्याचे काम आमची लॅब 1997 पासून करीत आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

सुरुवातीला आमच्याकडे मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून घेतलेले ब्रिनेल यंत्र (धातूवर गोळी दाबून उमटलेल्या ठशावरून कठिणता मोजणारे), कठिणता मोजणारेच एक रॉकवेल यंत्र, पॉलिशिंगची दोन चाके आणि एक धातुपरीक्षणाचा सूक्ष्मदर्शक एवढीच सामग्री होती. ते ब्रिनेल यंत्र आजही चालते. 10 मिलिमीटरची गोळी, 3000 किलोचा भार, ठरलेला वेळ भार धरून ठेवणे आणि मग ठशाचा व्यास एकमेकांस काटकोनात दोनदा मोजून सरासरी काढणे, हे सर्वांना तोंडपाठ असते. प्रत्यक्षात ठशाची कड कोठे संपते हे डोळ्याला शिकवावे लागते. 4.0 मिलिमीटर वाचले तर कठिणता 229 येते आणि 4.1 वाचले तर 217. एकाच ठशावर 12 अंकांचा फरक केवळ वाचणाऱ्यामुळे पडतो, आणि ग्राहकाची कमाल मर्यादा 220 असेल तर त्या एका दशांशावर संपूर्ण लॉट अडतो किंवा सुटतो. म्हणून आमच्याकडे पहिले दोन दिवस विद्यार्थी केवळ ठसे वाचतात. मास्टर ब्लॉकवरचे (ज्याची कठिणता आधीच ठाऊक असते अशा तुकड्यावरचे) वाचन ठरलेल्या मर्यादेत आल्याशिवाय त्याला पुढच्या यंत्राकडे पाठविले जात नाही.

या आग्रहाची किंमत आम्हाला 2008 नंतर मोजावी लागली. मंदी आली, वाहन कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या, फौंड्र्यांच्या पाळ्या कमी झाल्या आणि पहिला हात पडला तो प्रशिक्षणाच्या खर्चावर. ते मी समजू शकत होतो. परंतु त्याच सुमारास जवळच एक संस्था सुरू झाली. तिच्याकडे यूटीएम नव्हते, स्पेक्ट्रो (ठिणगी पाडून धातूतील घटकांचे प्रमाण सांगणारे यंत्र) नव्हते. एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि छापील प्रमाणपत्रे होती. आमच्या निम्म्या शुल्कात एका दिवसात 'मटेरियल टेस्टिंग'चे प्रमाणपत्र मिळू लागले आणि ज्या फौंड्र्यांच्या लॅब आम्ही मांडून दिल्या होत्या, त्यांच्याच मालकांनी आपल्या लॅबमधली मुले तिकडे पाठविली. त्यांपैकी काहींनी मला फोन करून सांगितले, की ऑडिटला फाइलमध्ये कागद लागतो, बाकी काम मुले करता करता शिकतील. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या वेळी स्पेक्ट्रोचे कर्ज नुकतेच घेतले होते. या यंत्राचा स्वभाव जाणणाऱ्यांना ठाऊक आहे, की बॅच नाही म्हणून ते बंद करून ठेवता येत नाही; आतील निर्वात आणि ऑप्टिक्सचे तापमान सतत राखावे लागते, आणि 99.999 टक्के शुद्धतेचा आरगॉन स्वस्त नसतो. बँकेचा हप्ता, विजेचे बिल आणि रिकामी बाके अशा स्थितीत बरेच महिने काढले. दोन शिक्षक सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही. यंत्र विकून टाकावे असा सल्ला घरातूनही मिळाला.

लॅब टिकली ती गोकुळ शिरगावच्या एका ग्रे आयर्न (राखाडी बीड) फौंड्रीच्या मालकांमुळे. त्यांना आम्ही सर्वजण आबा म्हणत असू. आबा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले, परंतु लोखंड ओतताना रंगावरून अंदाज सांगणारे गृहस्थ होते. ते मुलांना पाठविताना सोबत पोत्यातून रिजेक्ट कास्टिंग पाठवीत आणि निरोप असे, ‘‘सर, ह्ये मशीनवर टूल खातंय. का खातंय ते पोरांस्नी कापून दाखवा.’’ टूल खाणे म्हणजे कापणारे हत्यार लवकर झिजविणे. आम्ही तो तुकडा कापून, एकापाठोपाठ एक बारीक पेपरवर घासून, चाकावर आरशासारखा करीत असू. आधी नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचे द्रावण) न लावता 100 पट मोठा करून ग्रॅफाइट, म्हणजे लोखंडातील मोकळा कार्बन, पाहायचे आणि नंतर नायटल लावून मॅट्रिक्स, म्हणजे त्याभोवतीची धातूची रचना, पाहायचे, हा क्रम आम्ही कधीच मोडू दिला नाही. पातळ कडेला पांढरे कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचे फार कठीण संयुग) दिसले, की इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट नीट तयार व्हावे म्हणून ओतण्याआधी घालायची भर) कमी पडले किंवा कड फार लवकर थंड झाली, हे मुलाला स्वतःच उमगत असे. असा मुलगा परत गेल्यावर भट्टीवाल्याशी बोलू शकतो. पडद्यावर चित्र पाहून आलेला बोलू शकत नाही. त्या मंदीत आबांचीही एक पाळी बंद होती, तरीही त्यांनी वर्षभराच्या बॅचचे पैसे आगाऊ आणून दिले आणि पावती मुलाच्या हाती पाठवा म्हणाले. त्या पैशांतून थकलेले हप्ते भागले.

पुढे जे व्हायचे ते झाले. एका मोठ्या वाहन कंपनीचा ऑडिटर एका फौंड्रीत आला आणि फाइल बाजूला ठेवून त्याने दोन तपासनिसांना एकच ठसा वाचायला सांगितला. दोघांची वाचने जुळली नाहीत. मग स्पेक्ट्रोसमोर ऑडिटरला चिल सॅम्पलऐवजी तुटलेल्या जागी राखाडी दिसणारा तुकडा ठेवलेला आढळला. त्यात मोकळा ग्रॅफाइट असतो आणि कार्बनचा आकडा भरवशाचा राहत नाही, ही पहिल्या धड्याची गोष्ट आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे फोन आला. आलेल्यांना आम्ही शिकविले, पूर्ण शुल्क घेऊन शिकविले. तरी शुल्कात घासाघीस झालीच, आणि मधल्या काळाबद्दल एक शब्दही कोणी काढला नाही. ती संस्था पुढे बंद पडली. तिने दिलेली प्रमाणपत्रे मात्र अनेक फाइलींत आजही आहेत.

त्यानंतरच्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फार नाही. बॅचेस भरत गेल्या, यूटीएमला नवे एक्स्टेन्सोमीटर (ताणताना झालेली वाढ मोजणारे उपकरण) आले, आणि तपासणी लॅबसाठीच्या आयएसओ 17025 या मानकाची 2017 ची आवृत्ती आल्यापासून माणसाची क्षमता कशी तपासली याची नोंद मागितली जाते, त्यामुळे आमच्या सरावाच्या वह्यांना मान मिळू लागला.

फौंड्री चालविणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. तपासनीस निवडताना पदविकेबरोबर त्याची नजर आणि हात पाहा. स्पेक्ट्रोवरच्या मुलाला स्पार्कचा डाग पाहायला लावा. डाग पांढरट आणि पसरलेला असेल तर आकडा लिहू देऊ नका, सॅम्पल पुन्हा घासायला सांगा किंवा आरगॉन तपासा. एसजी (मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे गोल कण केलेले लोखंड) ओतत असाल तर मॅग्नेशियम वेळेनुसार उतरत जाते, म्हणून पहिल्या साच्याचा तुकडा तपासून शेवटच्या साच्याची हमी देऊ नका. शेवटच्या साच्याचाही घ्या. टेस्ट बारचे 500/7 चे (ताकद 500 मेगापास्कल, लांबीवाढ 7 टक्के) आकडे आले तरी नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटचे किती कण गोल आहेत ते, पाहिल्याशिवाय लॉट सोडू नका. आणि लॅबमधल्या मुलाचा पगार मोल्डिंगवरच्यापेक्षा कमी ठेवू नका, कारण तो शिकून तयार झाल्यावर दुसऱ्याकडे जातो आणि मग पुन्हा आमच्याकडे नवा मुलगा येतो.

आबा आता नाहीत. त्यांचा नातू फौंड्री पाहतो आणि तेथील मुलांची बॅच दरवर्षी पावसाळा सरल्यावर येते. पोते अजूनही सोबत असते. गेल्या खेपेस त्यात एसजीचे ब्रॅकेट होते आणि तिसऱ्या दिवशी एका मुलाने स्वतःच्या तुकड्यात विस्कटलेले ग्रॅफाइट शोधून काढले.