रोममधला पहिला दिवस: फ्युमिचिनो विमानतळापासून ट्रेवीच्या कारंज्यापर्यंत

आमचे विमान सकाळी सातला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरले आणि हॉटेलच्या खोलीची किल्ली हातात पडली ती संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर. मधले अकरा तास आम्ही अडतीस जण, आदल्या दिवशी कोल्हापुरात अंगावर चढवलेल्या कपड्यांतच, रोम पाहत होतो. समूह-सहलीने युरोपला जाणाऱ्या बहुतेकांचा पहिला दिवस असाच जातो, कारण हॉटेलात खोल्या साधारणपणे दुपारी दोननंतरच मिळतात आणि सकाळी पोहोचलेल्या गटाला तोवर शहर दाखवणे हाच सोयीचा मार्ग असतो. त्यात गैर काही नाही. मात्र हे आधी ठाऊक असेल तर तयारी वेगळी करता येते, म्हणून हा वृत्तांत थोडा तपशिलाने लिहीत आहे.

मोठ्या बॅगा विमानतळावरच कोचच्या पोटात जातात आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत. त्यामुळे दिवसभराची औषधे, दात घासण्याचे साहित्य, एक स्वच्छ सदरा किंवा कुर्ता, मोजे आणि पातळ जाकीट हे सारे खांद्यावरच्या पिशवीत हवे. माझ्या सासूबाईंचे वय 68. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी पिशवीत ठेवल्या होत्या. शेजारच्या काकूंच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत राहिल्या आणि कोचचालकाला वाटेत थांबून सामानाचा कप्पा उघडावा लागला. उन्हाळ्यात इटलीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. गोळी भारतातल्या वेळेने घ्यायची की तिथल्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

विमानतळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. कोच निघाल्यावर टूर मॅनेजरने पहिली सूचना दिली ती वेळेची. युरोपात चालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत: सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. शिवाय रोमच्या जुन्या भागात मोठ्या गाड्यांना मोकळा प्रवेश नाही; ठरलेल्या ठिकाणी प्रवासी उतरवून कोचला लगेच पुढे जावे लागते. त्यामुळे गटातला एक जण दहा मिनिटे उशिरा आला, तर ती दहा मिनिटे सगळ्यांच्या दिवसातून जातात. हे कारण एकदा समजले की टूर मॅनेजरचा घड्याळाचा आग्रह जाचक वाटत नाही.

सहल नक्की करताना कार्यक्रमपत्रिकेतले शब्द नीट वाचा, हे मी सर्वांना आग्रहाने सांगेन. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरून छायाचित्र काढण्यापुरता थांबा, ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे आत जाणे नाही आणि ‘प्रवेशासह’ असे लिहिलेले असेल तरच तिकीट धरलेले असते. कोलोसियम, म्हणजे योद्ध्यांच्या आणि प्राण्यांच्या झुंजींसाठी बांधलेले प्राचीन रोमन प्रेक्षागृह; त्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. आमच्याकडे प्रवेश होता आणि पहिल्या दिवसाचे सारे श्रम तिथे सार्थकी लागले. तिकिटे ठरलेल्या वेळेची आणि ज्याच्या-त्याच्या नावाची असतात, म्हणून पासपोर्ट जवळ हवा आणि नावाचे स्पेलिंग आरक्षण करतानाच तपासायला हवे. दारावर विमानतळासारखी सुरक्षा तपासणी होते; मोठ्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत.

आत स्थानिक मार्गदर्शक बाई होत्या आणि प्रत्येकाकडे त्यांचे बोलणे कानात ऐकवणारे, गळ्यात अडकवायचे छोटे यंत्र. ते गळ्यात घालण्यापूर्वी चालू करून आवाज तपासून घ्या. माझे पाच मिनिटांत बंद पडले आणि ते बदलून मिळेपर्यंत सुरुवातीचे निवेदन हुकले. इसवी सन 72च्या सुमारास सम्राट वेस्पेशियनने हे बांधकाम सुरू केले आणि 80 मध्ये त्याचा मुलगा टायटस याने त्याचे उद्घाटन केले. त्याआधी इथे सम्राट नीरोच्या महालाचे तळे होते. तळमजल्यावर 80 कमानी, त्यांपैकी 76 कमानींवर क्रमांक कोरलेले, म्हणजे हजारो प्रेक्षकांना आपापल्या दारातून आत-बाहेर करता यावे. उत्तरेच्या बाजूला ते आकडे आजही दिसतात. बावन्नचा आकडा सासूबाईंनी स्वतः शोधून काढला. भिंतींतल्या दगडांना जागोजागी मुठीएवढी भोके आहेत. ती बाणांची किंवा गोळ्यांची नव्हेत. दगड एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी सांधे मध्ययुगात लोकांनी उकरून नेले, त्यांच्या या खुणा. मी एका भोकाजवळ उभी राहून आत पाहिले, तर कडा टाकीने फोडल्यासारख्या खडबडीत होत्या. मधल्या रिंगणाची लाकडी जमीन आता बहुतांशी नाही, त्यामुळे खालची तळघरे, प्राण्यांना आणि योद्ध्यांना वर आणण्याच्या वाटा उघड्या दिसतात. ‘अरीना’ हा शब्द वाळूच्या लॅटिन शब्दावरून आला, कारण त्या लाकडी जमिनीवर वाळू पसरलेली असे. वरच्या मजल्याच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधीच सांगून लिफ्टची चौकशी करावी.

रोममध्ये चालण्याची तयारी मात्र हवीच. जुन्या रस्त्यांवर काळ्या बसाल्टचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत. दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, पण वापराने गुळगुळीत झालेला आणि मधल्या फटी रुंद. सहलीसाठी घेतलेले कोरे बूट इथे पहिल्याच दिवशी टाचा सोलतात. महिनाभर वापरलेले, जाड तळव्याचे बूट घालावेत. पाणी विकत घेण्याची मुळीच गरज पडली नाही. रस्त्यांवर ठिकठिकाणी वाकड्या नळाचे ओतीव लोखंडी खांब आहेत, त्यांना तिथे ‘नाझोने’ म्हणजे ‘मोठे नाक’ म्हणतात. पाणी अखंड वाहते आणि ते पिण्याचेच आहे. नळाचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळते आणि भांड्याशिवायही पिता येते. प्रसाधनगृहासाठी एक युरोची नाणी जवळ ठेवा. कॉफी बारपाशी उभ्याने घेतली तर टेबलापेक्षा स्वस्त पडते आणि तिथले प्रसाधनगृहही वापरता येते.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींना एक गोष्ट सांगायला हवी. पार्मेझान आणि पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध फाडण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेला पदार्थ, असते. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी ‘मारिनारा’ पिझ्झा मागावा. त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असते, चीज नसते. जैन मंडळींना लसणाविना करून मागावा लागेल.

दुपारी तीनला ट्रेवीचे कारंजे. येथे गर्दी प्रचंड असते आणि खिसेकापूंचा वावरही. पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात, पिशवी पोटावर. आमच्या गटातले एक काका येथेच चुकले. त्यांनी फोनचे रोमिंग सुरू केले नव्हते आणि हॉटेलचे नावही लक्षात नव्हते. पंचवीस मिनिटांनी ते एका चर्चच्या पायऱ्यांवर सापडले. कोच तोवर पुढे निघून गेला होता, म्हणून सगळ्यांना पुढच्या थांब्यापर्यंत चालावे लागले. सिमकार्ड मुंबईतच सुरू करून घ्या, हॉटेलच्या पत्त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवा आणि उतरल्या उतरल्या भेटण्याची जागा ठरवा.

कारंज्याच्या मधोमध उभा असलेला देव अनेकांना रोमनांचा समुद्रदेव नेपच्यून वाटतो. तो ओशिअनस, म्हणजे ग्रीक पुराणकथांतला महासागराचा देव आहे. निकोला साल्वीची ही रचना 1762 मध्ये पूर्ण झाली, पण तिच्यात खेळणारे पाणी ज्या जलवाहिनीचे आहे, ती इसवी सनपूर्व 19 मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पाने बांधली. ते पाणी पाहताना मला आमच्या कोल्हापुरातल्या टाऊन हॉल संग्रहालयातली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आठवली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती मूर्ती सातवाहनकाळातल्या रोमन व्यापाराबरोबर आपल्याकडे आली. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती, तेव्हा ती आली कुठून हे मनाला भिडले नव्हते. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ ओशिअनसकडे पाहत राहिल्या.

तिथून स्पॅनिश पायऱ्या हा प्रसिद्ध रुंद जिना चालत दहा मिनिटांवर आहे. पाय दुखत असले तरी त्या पायऱ्यांवर बसू नका. 2019पासून मनाई आहे आणि दंड होतो.

मेच्या अखेरीस साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा भारतात मध्यरात्र झालेली असते. खोलीत गेल्यावर लगेच आडवे होण्याचा मोह आवरून आम्ही अंघोळ केली, जेवण उरकले आणि साडेनऊला झोपलो. झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे वर काढून ठेवले, कारण सकाळी व्हॅटिकन होते आणि तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या दारावरून उघड्या खांद्यांनी आलेल्यांना परत पाठवतात.